जुना फोटो आणलात का?

चौतीस वर्षं जळगावात छातीच्या आजारांची डॉक्टर म्हणून बसले. एवढ्या काळात एक वाक्य मी इतक्या वेळा बोलले, की माझे यजमान म्हणतात, झोपेतही तू तेच बडबडतेस. वाक्य असं : "जुना फोटो आणलात का?" आणि त्याचं ठरलेलं उत्तर : "नाही आणला."

फोटो म्हणजे एक्स-रे. आमच्याकडे सगळे 'छातीचा फोटो'च म्हणतात. नाव छान आहे, पण त्यामुळे लोकांचा समज असा होतो, की फोटो ताजा असला की काम भागलं. छातीच्या डॉक्टरला एकटा फोटो अर्धीच हकिकत सांगतो. फुप्फुसावर पांढरा डाग दिसतोय, ठीक आहे. पण तो गेल्या वर्षी होता का? वाढलाय, आटलाय, की जागचा हललेलाच नाही? दोन फोटो शेजारी शेजारी लावल्याशिवाय हे कळायला मी काही अंतर्ज्ञानी नाही. हे मी शांतपणे सांगून पाहिलं, रागावून सांगून पाहिलं, भिंतीवर मोठी पाटी लावून पाहिलं. लोक पाटी मोठ्यानं वाचायचे, आणि वाचून झाल्यावर "नाही आणला" म्हणायचे.

असोद्याचे एक नाना मात्र दुसऱ्याच दिवशी उत्साहानं जुना फोटो घेऊन आले. कोपऱ्यातलं नाव बघते तर दुसऱ्याचंच. विचारलं, तर म्हणाले, "भावाचा व्हय. माह्या सापडला नई, त्याचा सापडला. एकाच घरात राह्यतो ना आम्ही." शिरपूरकडच्या एका गृहस्थांना मी स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, तर ते त्यातल्या निम्म्या बायकोला देत होते. का, तर तिला भूक लागत नव्हती. "तिलाही मानवली हो गोळी," असं मलाच कौतुकानं सांगत होते. अशा वेळी मी काय काय बोलले असेन ते छापण्यासारखं नाही. जळगावात माझी ख्याती 'हुशार आहे, पण ओरडते' अशी होती आणि खोटं कशाला सांगू, या दोन्ही गोष्टींचा मला अभिमान होता.

आता ज्या आजाराबद्दल लिहायचं आहे त्याचं नाव सार्कॉइडोसिस. हे नाव घेतलं की पेशंटचे नातेवाईक आधी एकमेकांकडे बघतात आणि मग विचारतात, "म्हणजे टीबीच ना?" त्यांचा दोष नाही. फोटोत हा आजार हुबेहूब टीबीसारखा दिसतो. छातीत गाठी, फुप्फुसावर डाग, बारीक ताप, खोकला, वजन उतरणं, सगळं तेच. फरक एवढाच, की टीबीत जंतू असतो आणि यात तो सापडत नाही. शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच विनाकारण खवळते आणि फुप्फुसात गाठी बांधत सुटते. ती का खवळते, हे अजून नीट कुणालाच माहीत नाही. आपल्याकडे टीबी गल्लोगल्ली, त्यामुळे असा फोटो दिसला की टीबीच्या गोळ्या सुरू. गुण आला नाही तर पुन्हा टीबीच्या गोळ्या. मी असे पेशंट पाहिलेत, ज्यांनी आयुष्यात कधी न झालेल्या टीबीचा कोर्स तीनदा पूर्ण केला.

सार्कॉइडवर औषध स्टेरॉइडचं. खवळलेली यंत्रणा त्यानं शांत होते आणि पेशंट पंधरा दिवसांत उठून बसतो. पण इथेच मेख आहे. काही जणांच्या फुप्फुसात हा आजार जाताना पोकळी करून जातो. आणि बुरशीचे कण तर हवेत सगळीकडे असतात. ओल्या कडब्यात, शेणखताच्या खड्ड्यात, साठवणीच्या मक्यात, कपाशीच्या जुन्या ढिगात. तुमच्या-माझ्या छातीतही ते रोज जातात आणि खोकून, शिंकून बाहेर पडतात. पोकळी असली की त्यांना राहायला जागा मिळते. तिथे बुरशी वाढते, तिचा चेंडू होतो, आणि ती भोवतालची भिंत कुरतडत राहते. त्या भिंतीत रक्तवाहिन्या असतात. एखादी फुटली तर पेशंट आपल्याच रक्तात गुदमरतो. वर आपण स्टेरॉइड देऊन संरक्षक यंत्रणा झोपवलेली असते, म्हणजे बुरशीला मोकळं रान.

आणि लक्षणं? तीच. खोकला, दम, वजन उतरणं. सार्कॉइड उलटला तर स्टेरॉइड वाढवायचं. बुरशी असेल तर स्टेरॉइड हळूहळू उतरवायचं आणि बुरशीची गोळी सुरू करायची. पेशंट एकच, खोकला एकच, आणि उपाय एकमेकांच्या बरोब्बर विरुद्ध. म्हणून तर मी जुन्या फोटोसाठी घसा कोरडा करत होते.

निर्मलाबाई एरंडोलजवळच्या एका खेड्यातल्या. वय सत्तेचाळीस. घरी नवरा पंडितभाऊ, सासू अक्का, चार म्हशी आणि थोडी शेती. मुलगी लग्न होऊन धुळ्याला. त्या माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा टीबीचे दोन कोर्स पुरे करून आल्या होत्या आणि पंडितभाऊंनी त्यांना हाताला धरून आत आणलं होतं. थुंकीत जंतू एकदाही सापडलेला नव्हता. मी दुर्बीण घालून फुप्फुसाचा तुकडा काढला, तपासायला पाठवला, आणि रिपोर्ट आला तेव्हा मला खरं सांगायचं तर आनंद झाला. सार्कॉइड. दोन वर्षं बाकीच्यांना जे कळलं नव्हतं ते मला आठ दिवसांत कळलं होतं.

टीबीच्या गोळ्या बंद केल्या, स्टेरॉइड सुरू केलं. महिन्यानं निर्मलाबाई एकट्या बसनं आल्या. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, "म्याडम, दोन वरीसमा पहिलीदाव भाकरले चव लागनी."

आता मला पुढचं सगळं माहीत होतं. नणंद सांगणार, स्टेरॉइड वाईट असतं. शेजारी झाडपाला आणून देणार. गावातला डॉक्टर पुन्हा टीबीचं नाव काढणार. म्हणून मी बोट नाचवून त्यांना बजावलं, "निर्मलाबाई, नीट ऐका. आता माझ्याशिवाय कुणाचं म्हणजे कुणाचं ऐकायचं नाही. दुसऱ्याची गोळी नाही, दुसऱ्याची चिठ्ठी नाही. काही झालं तरी इथे यायचं." त्यांनी मान डोलावली. तशी सगळेच डोलावतात.

पण या बाई वेगळ्या निघाल्या. सांगितलेल्या तारखेला येणार, गोळ्यांची रिकामी पाकिटं दाखवायला घेऊन येणार, मीठ कमी म्हटलं तर कमी. मी बाहेरच्या बाकांवरच्या लोकांना त्यांचं उदाहरण द्यायचे. "बघा, ह्या बाईंकडे बघा. ऐकलं की माणूस कसा बरा होतो." निर्मलाबाई पदर तोंडाला लावून लाजायच्या. दोन वर्षं असं छान चाललं. गोळी अगदी थोडीवर आणली होती, आता बंदच करू म्हणत होते.

गेल्या वर्षी फाल्गुनात खोकला परत आला. वजन दोन किलो उतरलं होतं. मी नवा फोटो काढायला लावला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पांढरं दाटून आलेलं दिसत होतं.

"जुना फोटो आणलात का?"

त्यांनी पंडितभाऊंकडे बघितलं. पंडितभाऊ म्हणाले, "घर कोठेतरी व्हई. ती तर बरी व्हई गई व्हती ना म्याडम, मंग पाहा नही." ज्या सेंटरमध्ये तो काढला होता ते मधल्या काळात बंद पडलं होतं. जुना केसपेपर मात्र त्यांच्या फायलीत होता. आमच्याकडे केसपेपर पेशंटच सांभाळतो. पहिल्या फोटोत काय दिसलं ते मीच त्यात लिहिलेलं होतं, मला फक्त दोन पानं मागे उलटायची होती. बाहेर गर्दी होती आणि मी चिडलेले होते. पानं उलटली नाहीत. सार्कॉइड उलटलाय, असं मीच ठरवलं आणि स्टेरॉइड वाढवलं.

स्टेरॉइड ही फसवी चीज आहे. आठ दिवसांत माणसाला भूक लागते, चेहरा भरतो, बरं वाटतं. निर्मलाबाई पुढच्या वेळी आल्या त्या गोल चेहऱ्यानं. मी म्हटलं, "बघा, आला की नाही गुण?" त्या म्हणाल्या, "हा म्याडम." खोकल्यातून कधी कधी तांबडा ठिपका पडतो, हे त्यांनी निघताना सांगितलं. मी म्हटलं, घसा सोलवटला असेल. मधे त्या अक्षय तृतीयेला मुलीकडे धुळ्याला जाऊन आल्या. आमच्याकडे आखाजीला मुलगी माहेरी येते, पण मुलगी बाळंतीण होती, म्हणून या वेळी आईच गेली. परत आल्यावर माझ्याकडे आल्या, तेव्हा मी विचारलं, "धुळ्यात दुसरं काही औषध घेतलं नाही ना?" त्या ठामपणे म्हणाल्या, "नही म्याडम, काहीच नही." मला फार बरं वाटलं. एक तरी पेशंट अशी आहे, असं मी कंपाउंडरला म्हटलंसुद्धा.

पुढे आषाढात एका चतुर्थीला आम्ही दोघं पद्मालयाला गणपतीला गेलो होतो. परतताना यजमान म्हणाले, तुझ्या त्या पेशंटचं गाव इथेच आहे ना, किती वेळा बोलावलंय त्यांनी. मी नको म्हणत होते, पण गाडी वळलीच.

घराजवळ पोचलो तेव्हा निर्मलाबाई गोठ्यासमोर टोपलीत कुट्टी भरत होत्या. कापून ठेवलेला हा चारा पहिल्या पावसात भिजून बुरसला असणार. त्या मूठ भरून झटकायच्या आणि पांढरट धूळ त्यांच्या तोंडाभोवती उडायची. मी जागच्या जागी थांबले. दोन वर्षांत मी या बाईंना मीठ किती खाता हे दहा वेळा विचारलं होतं. तुम्ही दिवसभर काय काम करता, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"ठेवा ते खाली," मी म्हटलं. त्यांना वाटलं, पाहुण्यांसमोर काम करणं बरं दिसत नाही म्हणून म्हणतेय. त्या हसत हात झटकत चहा ठेवायला आत गेल्या. मी मागोमाग गेले. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत मला जुना फोटो सापडला.

खिडकीची एक काच फुटली होती. तिथे चार बारीक खिळे मारून छातीचा एक्स-रे बसवलेला होता. बाहेरून ऊन येत होतं आणि बरगडी न् बरगडी दिसत होती. माझ्या दवाखान्यातल्या फोटो बघायच्या दिव्यावरही इतकं स्वच्छ दिसत नाही. कोपऱ्यात नाव निर्मलाबाईंचंच, आणि तारीख त्या पहिल्यांदा आल्या होत्या तेव्हाची. उजवीकडे, गळ्याच्या हाडाखाली, लिंबाएवढी पोकळी. पातळ भिंतीची, आत निव्वळ काळी, म्हणजे रिकामी.

फाल्गुनातला फोटो माझ्या डोळ्यांसमोर आला. तीच जागा. पण तिथे काळं नव्हतं, पांढरा गोळा होता, आणि त्याच्या वरच्या कडेला हवेची एक बारीक काळी कोर. ती कोर मी तेव्हाही पाहिली होती आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं होतं. रिकाम्या खोलीत कुणीतरी येऊन बसलं होतं. आणि मी चार महिने त्याला स्टेरॉइडचा पाहुणचार करत होते.

मी काय करायला हवं होतं? निर्मलाबाईंना खाली बसवून शांतपणे सांगायला हवं होतं. मी अक्कांवर ओरडले. एवढ्या म्हाताऱ्या बाईवर, त्यांच्याच घरात, त्यांनी दिलेलं पाणी हातात धरून. "हा फोटो खिडकीला लावायची वस्तू आहे का? जीव जातो माणसाचा अशानं!"

अक्का गांगरल्या. म्हणाल्या, "दुखनाना फोटो घरमा नीट कसाले ठेवाना, बाई? बरी व्हई गई ना ती. काच फुटेल व्हती, लाई दिना. उजेड बी येस अन् धुराळा बी येत नही." त्यांच्या बाजूनं यात चुकीचं काहीच नव्हतं. मी खिळे उपटून फोटो काढला, आणि निर्मलाबाईंना चहा तसाच सोडून गाडीत बसायला लावलं. वाटेत यजमानांनी एकदा आरशातून माझ्याकडे पाहिलं.

सीटी स्कॅनमध्ये बुरशीचा चेंडू स्पष्ट दिसला. बाईंना पालथं झोपवलं की तो पोकळीत जागा बदलायचा. रक्ताची तपासणी आली, त्यातही बुरशीच. मी बुरशीची गोळी सुरू केली आणि स्टेरॉइड पायरीपायरीनं उतरवायला घेतलं. ते एकदम तोडता येत नाही, तोडलं तर शरीर कोसळतं. नाशिकच्या सर्जनशी बोलले. ते म्हणाले, ताकद थोडी येऊ दे, मग तो भाग काढून टाकू. निर्मलाबाई माझ्या दवाखान्यात दाखल होत्या. नऊ दिवसांत खोकला कमी झाला, त्या वऱ्हांड्यात फेऱ्या मारायला लागल्या. मला वाटलं, वेळेवर पकडलं.

दहाव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्यांना ठसका लागला आणि रक्ताची उलटी व्हावी तसं रक्त आलं. मी वरच्या मजल्यावरच होते, दोन मिनिटांत पोचले. कुशीवर वळवलं, नळी टाकली, जे जे करतात ते सगळं केलं. नाशिकला ती रक्तवाहिनी आतून बंद करण्याची सोय आहे. गाडी दारात लागली होती. स्ट्रेचर खाली नेण्याची वेळ आली नाही.

मी त्या दिवशी रडले, आणि तरीही मनातल्या मनात दोषाची वाटणी करत होते. थोडा मला, पण जास्त त्या खिडकीला. जुना फोटो आणला असता तर. चौतीस वर्षं सांगतेय, ऐकत नाहीत लोक. या रागाचा मला फार आधार होता.

दिवसकार्य आटोपल्यावर पंडितभाऊ आले. दुपारची वेळ, बाहेर कुणी नव्हतं. त्यांनी फाइल टेबलावर ठेवली आणि खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला.

"म्याडम, हाई चिठ्ठी तिनी पिशवीमा सापडनी. आखाजीले पोरीकडे धुळाले गई व्हती ना, तवय तठला डॉक्टरनी देल व्हती. जावाईच लई गया व्हता, खोकला पाहीसन."

मी उघडली. धुळ्याच्या एका तरुण डॉक्टरांची चिठ्ठी होती, माझ्या नावानं. अक्षर सुरेख. 'आदरणीय मॅडम, आपल्या पेशंटला सार्कॉइड आहेच. परंतु पोकळीत बुरशी असावी अशी शंका येते. स्टेरॉइड आणखी वाढवण्यापूर्वी सीटी आणि बुरशीची रक्ततपासणी करून घ्यावी, असं नम्रपणे सुचवतो.' त्यांनी एकच फोटो बघितला होता, फाल्गुनातला. त्यांच्याजवळही जुना फोटो नव्हता. खाली तारीख होती, मी पद्मालयाला गेले त्याच्या अडीच महिने आधीची.

"मला दाखवली का नाही?" माझा आवाज चढलाच. सवय.

"मी तिले बोलनू, म्याडमले दखाड. ती बोलनी, म्याडमनी सांगेल शे, दुसरानी चिठ्ठी नही. दखाडं ते त्यास्ले वाईट वाटी. आन् तुम्ही इचारं तवय घाबरी गई." मग त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. "म्याडम, तिनी तर तुम्हनं बठ्ठं ऐकं. मंग आम्हनं काय चुकनं?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न मला शेकडो लोकांनी विचारला असेल आणि प्रत्येकाला मी यादी दिली आहे. गोळी चुकली, तारीख चुकली, फोटो आणला नाही. त्या दिवशी माझ्याकडे यादी नव्हती. न ऐकणारे सगळे या ना त्या मार्गानं वाचले होते. असोद्याचे नाना ठणठणीत आहेत. जिनं माझा शब्द न् शब्द पाळला, ती गेली.

"तुमचं काही चुकलं नाही, पंडितभाऊ," मी म्हटलं. "माझं चुकलं."

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मोठ्या माणसानं उगाच स्वतःकडे कमीपणा घेतला की आपण जशी हलवतो तशी. मग उठता उठता म्हणाले, "मना धाकला भाऊले बी खोकला शे, दोन महिना व्हई ग्यात. उद्या लई येसू. दुसरा कोनाकडे लई जावाऊ नही, म्याडम. तुम्हनाकडेच."

मी त्यांना हातानं खाली बसायला सांगितलं. चिठ्ठीच्या डोक्यावर फोन नंबर छापलेला होता. तो लावला. पलीकडे पेशंटची गडबड ऐकू येत होती. मी माझं नाव सांगितलं, तसं त्यांनी पेशंटना थांबायला सांगितलं.

"नमस्कार, मॅडम. बोला ना."

"डॉक्टर, एरंडोलकडच्या निर्मलाबाईंबद्दल बोलायचं होतं," मी म्हटलं. पंडितभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. "तुमची चिठ्ठी मला आज मिळाली."